नोंद बोटाची होते, छातीची नाही

कारखान्यात यंत्राखाली सापडून कामगाराचा अंगठा गेला, तर त्याचे मोल कायद्याने ठरवून ठेवलेले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात अंगठा गेल्यास माणसाची कमावण्याची शक्ती शेकडा ३० ने घटली असे मानावे, तर्जनी गेल्यास १४ ने, मधले बोट गेल्यास १२ ने, आणि एक डोळा जाऊन दुसरा शाबूत राहिल्यास ४० ने, असे कोष्टकच दिले होते. माणसाच्या देहाचे असे दरपत्रक वाचताना अंगावर शहारे येतात, हे खरे. तथापि या रुक्ष कोष्टकाचा एक मोठा गुण आहे. बोट गेले की नाही, याविषयी कोणाला वाद घालता येत नाही. ते किती वाजता गेले, कोणत्या यंत्रात गेले, शेजारी कोण उभे होते, हे सारे सांगता येते, आणि कागदावर उतरवताही येते.

फुप्फुसाचे तसे नाही. वीस वर्षे कापसाच्या धुळीत उभे राहून ज्याची छाती कोंडू लागली, त्याला कोणत्या दिवशी इजा झाली? कोणत्या यंत्राने केली? तिथे रक्त सांडलेले नसते, यंत्र थांबलेले नसते, साक्षीदार नसतो. उलट त्या दिवशीही त्याची हजेरी लागलेली असते आणि उत्पादनही नेहमीएवढेच झालेले असते. साहजिकच अपघात मोजले जातात आणि आजार मोजले जात नाहीत. जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, अशी समजूत मग सर्वांच्याच सोयीची ठरते.

या समजुतीला छेद देणारे आकडे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात कामाशी निगडित कारणांनी जगात सुमारे २९ लाख ३० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील अपघातांचे बळी सुमारे ३ लाख ३० हजार. उरलेले २६ लाख आजारांचे. म्हणजे अपघाताने जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे जवळजवळ आठजण रोगाने जातात, आणि तेही हळूहळू, घरच्या अंथरुणावर. हे अंदाज आहेत, मोजदाद नव्हे, हे मान्य. परंतु आपल्याकडील कारखान्यांच्या वार्षिक अहवालांत नेमके उलटे चित्र दिसते. तेथे अपघातांचा रकाना भरलेला असतो आणि व्यवसायजन्य रोगांचा रकाना वर्षानुवर्षे जवळपास कोरा असतो. आपल्या कामगारांची फुप्फुसे जगातील इतर कामगारांपेक्षा अधिक बळकट आहेत, असे मानण्यास काही आधार नाही. तेव्हा दोष रकाना भरण्याच्या पद्धतीत शोधला पाहिजे.

हा दोष कसा उत्पन्न होतो, हे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य कशावरून होईल. गिरणीत कापसाच्या गासड्या फोडून तो पिंजण्याचे आणि सरकीचा चुरा, पानांचे तुकडे काढून टाकण्याचे काम ज्या खात्यांत चालते, तेथे धूळ सर्वांत अधिक असते. ही धूळ केवळ कापसाच्या तंतूंची नसते. बोंडाभोवतीच्या वाळलेल्या पाकळ्या आणि पाने, त्यांवर वाढलेले जंतू व त्या जंतूंचे विष यांचा तो बारीक चुरा असतो. तो श्वासावाटे आत गेला की श्वासनलिका आवळतात. यातून होणाऱ्या विकाराला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात.

या विकाराची चाल मोठी विलक्षण असते. आरंभी तो आठवड्यातून एकच दिवस दिसतो, आणि तो दिवस म्हणजे सुट्टीनंतरचा कामाचा पहिला दिवस. पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी छातीवर दडपण येते, श्वास अपुरा पडू लागतो. दुसऱ्या दिवशी त्रास कमी होतो, तिसऱ्या दिवशी नाहीसा होतो. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत याला सोमवारचाच विकार म्हणत, आणि रिचर्ड शिलिंग या वैद्यकतज्ज्ञाने १९५० नंतरच्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरविल्या, त्या याच सोमवारच्या आधाराने. पहिली पायरी फक्त सोमवारची. पुढे मंगळवारीही त्रास राहू लागतो, मग आठवडाभर, आणि अखेरीस गिरणी सोडली तरी जात नाही. मुंबईतील गिरणी कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केल्यावर. तोपर्यंत ज्याला विसाव्याचा दिवसच ठाऊक नव्हता, त्याच्या छातीला सोमवार तरी कसा कळावा? रोगाचे लक्षण उमटायलासुद्धा आधी एक दिवसाची विश्रांती लागते, हा या इतिहासातील एक विचित्र भाग आहे.

आता असा कामगार डॉक्टरकडे कधी जात असेल, याचा विचार करावा. सोमवारी तो जात नाही, कारण सुट्टीनंतर लगेच खाडा केला तर पगार कापला जातो, आणि तो बदली कामगार असला तर पुढची बदलीही हातची जाते. तो जातो गुरुवारी किंवा शुक्रवारी, पाळी सुटल्यावर. त्या वेळी छाती मोकळी असते. डॉक्टर क्ष-किरणाचे चित्र काढायला सांगतात. चित्रात काही दिसत नाही, कारण या रोगाची खूण निदान आरंभीच्या काळात तेथे उमटतच नाही. ती उमटते श्वासाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, आणि तीही सोमवारी पाळीच्या आधी एकदा व नंतर एकदा अशी मोजली तर. एवढी यातायात कोण करणार? मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो : विडी ओढतोस का? बहुतेक ओढतच असतो. केसपेपरवर ‘जुनाट खोकला, धूम्रपान’ एवढे लिहिले जाते, औषधाची बाटली मिळते आणि प्रकरण संपते. विडीने अपाय होतो, यात शंका नाही. परंतु त्या कागदावर विडीची नोंद होते आणि धुळीची होत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी गिरणी कामगारांची पाच वर्षे सलग पाहणी करून तिचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध केले. त्या पाहणीचा विषयच हा होता की, बिसिनोसिस आणि सर्वसामान्य दीर्घकालीन श्वासविकार हे एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावेत. म्हणजे मुंबईत हा रोग आहे आणि तो ओळखता येतो, हे गिरण्यांच्या चिमण्यांखालीच उभ्या असलेल्या रुग्णालयात सिद्ध झालेले होते. १९९५ सालीही मुंबईतील एका गिरणीच्या पाहणीचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात आला. परंतु एवढ्याने नोंदी काही वाढल्या नाहीत.

या कामगारांपैकी कित्येकांच्या आयुष्याचा शेवट मुंबईत झालाच नाही. गिरणगावातील बहुसंख्य माणसे कोकणातून आणि घाटावरून आलेली. अंगात बळ होते तोवर ती परळ-लालबागच्या खोल्यांत राहिली, आणि दम लागू लागला की गावी गेली. तेथे ओसरीवर बसून खोकणाऱ्या म्हाताऱ्याला गावकऱ्यांनी दमेकरी म्हटले. त्याच्या मृत्यूची नोंद, झालीच असेल तर, दमा किंवा क्षय अशी झाली. धूळ परळला खाल्ली आणि मरण संगमेश्वरला आले. या दोहोंना जोडणारा कागद कोठल्याच कचेरीत तयार झाला नाही. गिरणीच्या दृष्टीने तो राजीनामा देऊन गेलेला कामगार होता, आणि तालुक्याच्या दृष्टीने म्हातारपणाने गेलेला शेतकरी.

कायद्यात याची तरतूद नव्हती काय? होती, आणि पुष्कळ विचारपूर्वक केलेली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ८८ व्या कलमाने, ज्या अपघातामुळे कामगाराला ४८ तास वा अधिक काळ काम करता येत नाही, त्याची खबर देणे व्यवस्थापकावर बंधनकारक केले होते. त्यापुढचे ८९ वे कलम रोगांविषयीचे. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोगांची यादी होती. शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, अॅस्बेस्टॉसिस, गोंगाटाने येणारा बहिरेपणा, हे सारे तीत होते. यांपैकी एखादा रोग कामगाराला जडला तर व्यवस्थापकाने कळवावे, एवढेच सांगून कायदा थांबला नव्हता. अशा रोग्याला तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला विनाविलंब लेखी कळवावे, रोग्याचे नाव व पत्ता, त्याचा रोग, आणि तो ज्या कारखान्यात काम करतो किंवा शेवटी करीत होता त्याचे नाव द्यावे, असे त्यात म्हटले होते. ‘शेवटी करीत होता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गिरणी सोडून गावी गेलेला, किंवा एखाद्या इमारतीच्या फाटकावर रखवालदार झालेला माणूसही त्यात येत होता. डॉक्टरचे निदान खरे ठरले तर त्याला फी द्यावी, आणि ती रोग ज्या कारखान्यात जडला त्याच्या मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करावी, इतका बारकावा कायदा करणाऱ्यांना सुचला होता. न कळविणाऱ्या डॉक्टरला दंडही होता.

इतके असून ती यंत्रणा चालली नाही, याचे मुख्य कारण असे की, सगळी भिस्त ज्या दोघांवर ठेवली होती, त्यांतील एकाला कळविण्यात तोटा होता आणि दुसऱ्याला कळवायचे असते हेच बहुधा ठाऊक नव्हते. व्यवस्थापकाने रोगाची खबर द्यायची म्हणजे स्वतःच्या खात्यातील धुळीविरुद्ध स्वतःच साक्ष द्यायची. ती तो आपण होऊन देईल, ही अपेक्षा भाबडी होती. डॉक्टरला औद्योगिक आरोग्य हा विषय अभ्यासक्रमात एका प्रकरणापुरता भेटतो, आणि परीक्षेनंतर फारसा आठवत नाही. कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ साली आली, आणि गल्लोगल्ली विम्याचे डॉक्टर झाले. त्यांच्या दारी संध्याकाळी जी रांग लागे, तिच्यातील प्रत्येकाला ‘तू कोणत्या खात्यात आहेस, किती वर्षे आहेस’ असे विचारायला त्यांना सवड नव्हती, हेही समजून घेतले पाहिजे.

हा प्रश्न विचारण्याची शिकवण मात्र नवी नाही. इटलीतील मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला काय काय विचारावे हे हिपॉक्रेटिसने सांगून ठेवले आहे, त्यात ‘तुझा धंदा कोणता?’ या आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे त्याने आपल्या व्यवसायबंधूंना बजावले. त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली. सिलिकोसिसच्या बाबतीत हा प्रश्न न विचारल्याची किंमत आजही मोजली जाते. दगडाच्या खाणीतील, खडी फोडण्याच्या यंत्रावरील मजूर खोकत येतो, फुप्फुसाच्या चित्रात डाग दिसतात, आणि क्षयाचे औषध सुरू होते. सिलिकाच्या धुळीने पोखरलेल्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतो, त्यामुळे कित्येकदा ते निदान अर्धे बरोबरही असते. पण मजूर बरा होत नाही, आणि थोडे बरे वाटताच पुन्हा त्याच यंत्रावर जातो. राजस्थान सरकारने २०१९ साली या धुळीच्या रोगांसाठी स्वतंत्र धोरण आखले. रोग शोधणे, त्याचा दाखला देणे आणि मदत करणे यांची साखळी एकदा बांधली की रोगी सापडू लागतात, हे तेथे दिसून आले. आधी ते नव्हते असे नाही. त्यांना क्षयरोगी म्हणून मोजले जात होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. कारखान्यातील नोंदवही मालक भरीत नाही. ती टाइम ऑफिसातील कारकून भरतो. अपघाताच्या नोंदीत ‘कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे दोन शब्द इतक्या वेळा लिहिले गेले आहेत की, त्यांचा रबरी शिक्का करून घेतला असता तर शाई वाचली असती. यंत्रावरचे संरक्षक जाळे काढून ठेवले होते काय, पाळी सलग दुसरी होती काय, कामगार त्या यंत्रावर किती दिवसांपूर्वी आला होता, हे त्या रकान्यात मावत नाही असे नाही. लिहिले जात नाही. ४८ तासांच्या अटीतून पळवाट काढण्याची एक रीतही पुष्कळ औद्योगिक वसाहतींत ऐकू येते. जखमी माणसाला खाजगी दवाखान्यात मलमपट्टी करून दुसऱ्या दिवशी कारखान्यात आणून बसवायचे आणि मस्टरवर हजेरी लावायची. मग तो कामास असमर्थ नव्हताच, असे होते. फाटकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो, त्यावरील आकडा पुसावा लागू नये याची काळजी सर्वांनाच असते. कंत्राटी मजुराचे तर नावच मस्टरवर नसते. हरियाणातील वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत यंत्राखाली बोटे गमावलेल्या कामगारांविषयी २०१९ पासून जे अहवाल प्रसिद्ध होत आले आहेत, त्यांत एक बाब पुन्हा पुन्हा आढळते : अनेकांना विम्याचे कार्ड मिळाले ते अपघात घडल्यानंतर.

तेव्हा अपघातांची नोंद तरी निर्दोष होते, असे समजण्याचे कारण नाही. किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या घटनांची किंमत केवढी असू शकते, हे भोपाळने दाखविले. तेथील कारखान्यात १९८४ च्या डिसेंबरात जे घडले ते जगाला ठाऊक आहे. त्याच कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जिन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता, आणि १९८२ सालीही गळतीचे प्रकार झाले होते, याची आठवण मात्र थोड्यांना असते. नोंदी नव्हत्या असे नव्हे. त्या वाचून पुढे काही करावे असे कोणावर बंधन नव्हते. १९८७ साली कारखाना कायदा दुरुस्त करून घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. तो मिळण्यापूर्वी काय व्हावे लागले, हे सांगायला नको.

नोंदीने काय साधते, असा प्रश्न काही व्यवहारी माणसे विचारतात. रोग बरा होणारा नाही, भरपाई तुटपुंजी, मग कागद वाढवायचे कशाला? याला उत्तर म्हणून ब्रिटनचे उदाहरण देता येईल. तेथे १८९५ च्या कायद्याने शिसे, फॉस्फरस व आर्सेनिक यांची विषबाधा आणि अँथ्रॅक्स या रोगांची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. १८९८ साली टॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. १९०० साली शिसेबाधेच्या सुमारे हजार नोंदी झाल्या. तो आकडा पाहून देश हादरला असेल, पण कोणत्या धंद्यात, कोणत्या कामावर, किती माणसे आजारी पडतात हे प्रथमच कागदावर आले, आणि मग तेथे धूळ ओढून घेण्याचे पंखे, हात धुण्याची सोय, ठरावीक मुदतीने तपासणी असे उपाय योजता आले. दहा वर्षांत वार्षिक नोंदी जवळपास निम्म्यावर आल्या. आरंभी संख्या वाढते आणि मग ती उतरते, हा कोणत्याही प्रामाणिक नोंदीचा क्रम आहे. ज्या कारखान्यात वा ज्या राज्यात ती पहिल्यापासून शून्य आहे, तेथे उतरण्यासारखे काही असतच नाही, आणि म्हणून उपायही योजले जात नाहीत. आपल्या गिरण्यांत धुळीवर उपाय म्हणून कामगाराला गूळ खायला मिळे. गुळाने धूळ पोटात उतरते, ही समजूत अजूनही पुष्कळ कारखान्यांत आहे. गूळ वाईट नाही, पण तो अन्ननलिकेतून जातो आणि धूळ श्वासनलिकेतून.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याने दाव्याची मुदत दोन वर्षांची ठेवली होती. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत रोगाची लक्षणे दिसली तर काय करावे, याचाही त्यात विचार होता. परंतु अॅस्बेस्टॉसची धूळ वीस-वीस, तीस-तीस वर्षे गप्प राहते आणि मग डोके वर काढते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अॅस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या निकालात ही गोष्ट ओळखली. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले, आणि प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद तो कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश त्या कारखान्यांना दिला. हा आदेश एका उद्योगापुरता होता. कापसाची, दगडाची, धातूची धूळ खाणाऱ्यांना तो लागू झाला असता तर काय झाले असते, याचा विचार गिरण्यांच्या संदर्भात मनात येतोच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रे भंगारात गेली, जमिनी विकल्या गेल्या. सरकारने गिरणी कामगारांना घरे देण्याचे ठरविले आणि २०१२ पासून सोडती निघू लागल्या, तेव्हा हजारो कुटुंबांनी पेट्यांच्या तळाशी जपलेले पास, विम्याची कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. बाप कोणत्या गिरणीत, किती वर्षे होता, हे त्या कागदांवरून सिद्ध करता आले. घरासाठी उपयोगी पडलेले हेच कागद छातीसाठीही पुरावा म्हणून उपयोगी पडले असते. तसा वापर करून घेण्याची व्यवस्था मात्र कोणी उभी केली नव्हती.

आता हे जुने कायदे इतिहासजमा झाले आहेत. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीची २०२० ची संहिता आणि तिच्यासोबतची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. रोग कळविण्याचे मालकाचे व डॉक्टरचे कर्तव्य नव्या संहितेतही आहे. कळविण्याजोग्या रोगांची अनुसूचीही आहे. ठरावीक वयापुढील कामगारांची दरवर्षी विनामूल्य आरोग्य तपासणी करण्याची तरतूद स्वागतार्ह आहे. निरीक्षकाच्या नावापुढे ‘सुविधाकार’ हा शब्द जोडला गेला आहे, त्याचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो हे अंमलबजावणीत दिसेल. कायद्याच्या भाषेत सुधारणा होत असताना एका गोष्टीकडे पुन्हा दुर्लक्ष झाले, असे या लेखकाचे मत आहे. नोंदीची सारी भिस्त पुन्हा त्याच दोघांवर ठेवलेली आहे. वार्षिक तपासणीत श्वासाची शक्ती मोजली जाईल काय, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात उभ्या असणाऱ्यांचे कान तपासले जातील काय, आणि तपासणीचा कागद कामगाराच्या हाती पडेल काय, यांवर त्या तपासणीचे मोल ठरणार आहे. वजन आणि रक्तदाब लिहून सही केलेला कागद एवढेच तिचे स्वरूप राहिले, तर कोऱ्या रकान्याला सरकारी पुरावाच मिळेल.

शिक्षकांचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. वर्षानुवर्षे साठ मुलांच्या वर्गात मोठ्याने बोलून घसा बसतो, आवाज कायमचा फाटतो, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहे. पोलंडमध्ये हा शिक्षकांचा व्यवसायजन्य रोग म्हणून कायद्याने मान्य झालेला आहे. आपल्याकडच्या यादीत तो नाही, आणि कोणी शिक्षकाने त्यासाठी अर्ज केल्याचे ऐकिवातही नाही. घसा बसला की खडीसाखर तोंडात टाकायची आणि पुढच्या तासाला जायचे, हीच रीत. गिरणी कामगाराच्या गुळाहून ती फारशी वेगळी नाही.

करावयाचे काम आरंभी तरी फार मोठे नाही. सार्वजनिक रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘धंदा’ असा रकाना छापलेला असतो. त्यापुढे बहुतेक वेळा ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ असे लिहिलेले आढळते, कारण खिडकीवरील कारकुनाला तेवढेच लिहायला सांगितलेले असते. तेथे कोणता कारखाना, कोणते खाते, किती वर्षे, आणि त्याआधी कोठे, असे चार शब्द लिहिण्याची सक्ती केली, तर डॉक्टरपुढे कागद जाईल तेव्हा रामाझिनीचा प्रश्न विचारून झालेला असेल. त्या चार शब्दांवरून जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाअखेर गोळाबेरीज करता येईल, आणि एकाच खडी-यंत्रावरचे सात मजूर एकाच वर्षी क्षयाच्या औषधावर आहेत, हे कोणाच्या तरी नजरेस पडेल. शाळेच्या प्रवेशअर्जावरही ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना असतो, आणि तेथेही शिक्षक ‘नोकरी’ असेच लिहून घेतात.